एक काना जास्त

तिला सगळे पेन्सिलबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, कारण पाठीमागे कोण काय बोलतं हे शोधून काढण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दूधवाला पाणी घालतो, शिंपी कापड मारतो, शेजारीण साखर मागायला येते ती खरं तर घरात डोकावायला, आणि नवरा 'सहज पाय मोकळे करून येतो' म्हणतो त्यात सहज काही नसतं, अशी तिची ठाम समजूत. नवरा बस आगारात गाड्यांच्या वेळा नोंदणारा कारकून. निवृत्त झाल्यावर तो बिचारा खरोखरच पाय मोकळे करायला जाई. तरी परत आला की ती त्याच्या चपलांचे तळ बघे. चिखल कुठल्या रस्त्याचा आहे ते ओळखायला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. हिच्या मनात चोरी नव्हतीच, नुसतं चांदणं होतं, तेही बाराही महिने.

अशा बाईला काम मात्र असं मिळालं होतं की त्यात तिला स्वतःचं मत लागतच नसे. नगर कार्यालयात ती एकोणतीस वर्षं लघुलेखिका होती. सभा कुठलीही असो, ती समोरच्या टेबलाशी बसे, एक पेन्सिल हातात, दुसरी कानामागे, आणि जो जे बोलेल ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेई. दोन सदस्य एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असले तरी तिची पेन्सिल अडखळत नसे. उलट शिव्या उतरवायला सोप्या, असं तिचं म्हणणं, कारण त्यात नवीन कोणी काही शोधून काढत नाही. दुसऱ्या दिवशी टाइप करून खाली लिहायचं, 'नक्कल शब्दशः खरी आहे', आणि सही ठोकायची. एकोणतीस वर्षांत काना-मात्रेची चूक नाही. कार्यालयात साहेब आले नि गेले, कपाटं बदलली, पंखे बदलले, पण तिच्या सहीवर बोट ठेवायची कोणाची टाप नव्हती.

एक गोष्ट मात्र बाहेरच्या माणसाला पटत नसे. सभेत काय झालं हे तिला कधीच सांगता येत नसे. नणंद कौतुकानं विचारी, "काय गं वहिनी, आज फार गाजली म्हणे सभा?" तर ही म्हणे, "मला काय ठाऊक? मी लिहीत होते." नणंदेला वाटे, वहिनी आतल्या गाठीची आहे. पण ते खरंच होतं. भराभर लिहिणाऱ्याचं ऐकणं कानातून थेट मनगटात जातं, डोक्यात थांबत नाही. अर्थ बघायला थांबलं की पुढचं वाक्य गेलंच.

शॉर्टहँडची गंमतही इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावर आहे. त्यात व्यंजनांच्या रेघा असतात. म ची एक कमान, र ची एक तिरपी रेघ. स्वर गाळायचे, ठिपके द्यायचे ते मागाहून, सवड मिळाली तर. मग कमाल कुठलं आणि कामाला कुठलं हे कळायचं कसं? तर जागेवरून. शब्दात पहिला 'आ' असेल तर चिन्ह ओळीच्या केसभर वर काढायचं, 'अ' असेल तर ओळीवर टेकवायचं. केसभर म्हणजे खरंच केसभर. आणि प्रत्येकाचं वळण इतकं निराळं की एकाची वही दुसऱ्याला वाचता येत नाही. पेन्सिलबाईची वही जगात एकाच माणसाला वाचता येई, आणि त्या माणसाचा स्वतः सोडून कोणावरही विश्वास नव्हता.

आता चष्मेवाल्याकडे येऊ. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान. किडकिडीत, मऊ बोलणारा, चष्मा घालून बघताना 'कानाला लागत तर नाही ना?' असं तीनतीनदा विचारणारा माणूस. वीस वर्षांपासून दर गुरुवारी संध्याकाळी तो वाचनालयाच्या मागच्या खोलीत खुली चर्चा भरवी. कोणीही यावं, पाच मिनिटं बोलावं. नियम एकच, पण भल्याभल्यांची दमछाक करणारा. समोरच्याला उत्तर द्यायचं तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, आणि तो 'हो, हेच म्हणायचंय मला' असं म्हणाला तरच आपलं घोडं पुढे दामटायचं. भांडायला बाह्या सरसावून आलेली निम्मी माणसं इथेच गार पडत. दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं तर ते ऐकलेलं असावं लागतं, आणि तेवढी तयारी करून कोण भांडायला येतो?

मग शहरावर प्रशासक आला. निवडून आलेली मंडळी घरी बसवली गेली. कार्यालयासमोरच्या पटांगणात लोक अर्ज घेऊन बसत, तिथे एका आठवड्यात लोखंडी कुंपण उभं राहिलं. खुल्या चर्चेवर मात्र प्रशासकानं बंदी घातली नाही. तेवढा तो हुशार होता. त्यानं फक्त कळवलं, चर्चा जरूर करा, कार्यालयाची लघुलेखिका शब्दन् शब्द टिपेल आणि नक्कल नोंद शाखेला जाईल.

पहिल्या गुरुवारी साठ माणसं होती. तिसऱ्या गुरुवारी एकवीस. जी येत तीही एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघत बसत. कोण ऐकायला आलंय आणि कोण ऐकून सांगायला, कळायला मार्ग नव्हता. एका गृहस्थानं रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलायला सुरुवात केली, पेन्सिलीची कुरकुर ऐकली, आणि 'तसे काही फार खोल नाहीत' म्हणून खाली बसला.

चष्मेवाल्यानं मात्र तिच्यासाठी टेबल मागवलं, दिवा तिच्या बाजूला ओढून दिला. "आपलं ऐकायला खास माणूस पाठवलंय," तो सगळ्यांना म्हणाला, "त्यांना नीट बसायला तरी मिळू दे." झालं! पेन्सिलबाईच्या कपाळाला आठी. ओठांत एक नि पोटात एक असल्याशिवाय माणूस इतकं गोड वागत नाही, हा तिचा अनुभव; अनुभव नसला तरी मत. शिवाय या माणसाची तिला जुनी ओळख होती. दोन वर्षांपूर्वी दुकानात त्यानं तिचे डोळे तपासून सांगितलं होतं, "बाई, जवळचा नंबर बराच वाढलाय. काचा बदलायला हव्यात." घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली होती, "दुकानदारच तो. लोकांचे नंबर वाढले नाहीत तर खाईल काय?" आणि जुनाच चष्मा पदरानं पुसून तिनं नाकावर चढवला होता.

सहाव्या गुरुवारी कुंपणाचा विषय निघाला. गॅरेजवाला उठला. आडदांड माणूस, हातांना कायम काळं तेल. "चर्चा कसली करताय?" तो म्हणाला. "माझ्या ट्रकला साखळी बांधतो, कुंपण मुळासकट उपटतो. येऊ दे कोण येतंय ते."

मग चष्मेवाला उठला. "तुमचं म्हणणं असं ना, की अर्ज झाले, विनंत्या झाल्या, आता लोखंडाला लोखंडाचीच भाषा कळणार?"

"हो. हेच म्हणायचंय."

"मग माझं ऐका. आज उपटलं तर उद्या दुप्पट उंच घालतील, आणि घालायला कारण आपणच दिलेलं असेल. आपण कुंपणाला पाठ टेकून रोज बसू. उचलून नेलं तर सुटल्यावर परत तिथेच." तो आणखी चारदोन वाक्यं बोलला, आवाज जरा चढला, आणि तो खाली बसला. पेन्सिलबाईच्या मनगटानं सगळं टिपलं. दुसऱ्या दिवशी तिनं चौदा पानं टाइप केली, सही ठोकली आणि नक्कल पाठवून दिली.

चौथ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्याला दुकानातून उचललं. एका म्हातारबाबांच्या नाकावर तो चष्मा बसवत होता. म्हातारबाबांना अर्धवट चष्म्यानिशी घरी जावं लागलं. दुपारपर्यंत भिंतीभिंतींवर छापील कागद लागले. हिंसेची उघड चिथावणी दिल्याबद्दल अटक. खाली चष्मेवाल्याचं वाक्य, ठळक अक्षरांत: 'वेळ आलीच तर मारू, पण मागे सरणार नाही.' आणि त्याखाली: 'अधिकृत लघुलेखिकेच्या शब्दशः नकलेवरून.'

खोटं कशाला सांगा, बस थांब्यावर तो कागद वाचताना तिला प्रथम जरा बरंच वाटलं. एकोणतीस वर्षं तिच्या नकला कपाटात वाळवीच्या तोंडी जात होत्या. आज एक भिंतीवर आली. आणि 'बघा, मी म्हणत नव्हते? गोडबोल्याच्या पोटात काय होतं!' हेही होतंच. पण शेजारी उभ्या असलेल्या दोघी कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "मारू? तो माणूस? अगं, तो डास बसला तरी फुंकर मारून उडवतो." आणि दोघींनी पेन्सिलबाईला पाहिलं मात्र, तोंडाला कुलूप. बसमध्येही लांब बसल्या आणि एक थांबा आधीच उतरून गेल्या.

तिथे शंकेची पाल चुकचुकली. अर्थात दुसऱ्यांच्याबद्दल. नोंद शाखेनं ध चा मा केलाय, तिनं ठरवलं. माझी नक्कल घेऊन मधल्या मधे शब्द फिरवला. ती तरातरा कार्यालयात गेली, आपली कार्बन कॉपी काढली, बोट फिरवत अकराव्या पानावर आली. मारू. तिच्याच टाइपरायटरचं अक्षर, म ची गाठ जरा घासलेली, आणि पुढे काना. ठळक, सरळ, काठीसारखा.

मग तिनं वही काढली. खिडकीशी धरली, लांब धरली, जवळ धरली. म ची कमान, र ची रेघ. ओळीच्या वर? की ओळीवर? चिन्ह तिच्यासमोर पाण्यात पडल्यासारखं हलत होतं. मरू की मारू? आठवायचा प्रयत्न केला, पण आठवणार काय? ऐकलं होतं मनगटानं, आणि मनगटाला स्मरणशक्ती नसते. आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं. टाइप करताना तिनं हे चिन्ह पाहिलंच नव्हतं. धूसर दिसलं होतं, आणि 'असली माणसं दुसरं काय म्हणणार?' म्हणून काना मनानंच जोडला होता.

त्या आठवड्यात तिच्या दारावर कोणीतरी खडूनं मोठा कान काढला. तिनं पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता. साखरवाली शेजारीण साखर मागायला येईनाशी झाली. आयुष्यभर जिला सगळ्यांचा संशय, तिच्याकडे आता सगळं गाव संशयानं बघत होतं, आणि खरं सांगायचं तर गावाचं फारसं चुकत नव्हतं.

शेवटी ती चष्म्याच्या दुकानात गेली. गल्ल्यावर चष्मेवाल्याची बायको होती. पेन्सिलबाईला पाहताच तिचा चेहरा घट्ट झाला. "आता काय न्यायला आलात? त्यांना तर नेलंत."

"वहिनी, माझा नंबर तपासायचाय."

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

"तुम्हाला कोणी पाठवल्याशिवाय तुम्ही कधी कुठे गेलायत?" वहिनी म्हणाली. पण गिऱ्हाईकाला परत पाठवायचं नाही हे दुकानाचं वळण. तिनं तपासणीची ती जड गोल चौकट पेन्सिलबाईच्या नाकावर ठेवली, जरा जोरातच, आणि एकेक भिंग सरकवत गेली. "आता? आता? तक्त्यावरचं वाचा."

पेन्सिलबाईनं तक्ता वाचलाच नाही. पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडलं. तिसरं भिंग बसलं आणि पान एकदम स्थिर झालं. ओळ दिसली. ओळीवर टेकलेली कमान दिसली. टेकलेली, वर नाही.

"मरू," ती म्हणाली.

"काय?"

"मरू म्हणाले ते. वेळ आलीच तर मरू, पण मागे सरणार नाही. मारू नाही. तो काना मी लावला, वहिनी. माझा आहे तो."

वहिनीच्या हातातलं भिंग टेबलावर पडलं, फुटलं नाही. तिनं आधी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही. मग पेन्सिलबाईकडे. मला वाटतं, तिला त्या क्षणी या बाईच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या असतील. मला तरी वाटल्या असत्या. "हे मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "जिथे लिहिलंत तिथे सांगा."

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दाराची कडी नीट लागली आहे का पाहिलं. "हे बघ, तू गप्प बस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. चूक झाली हे कळलंय कोणाला? तुझं अक्षर तुझ्याशिवाय वाचता येतं कोणाला?"

"मला येतं ना."

"अगं, पण तू सांगितलंस तरी कोण विश्वास ठेवणार? लोक म्हणतील आधी सरकारनं विकत घेतलं, सरकार म्हणेल आता लोकांनी विकत घेतलं."

नवरा सहज बोलला, पण बोलला ते अगदी खरं ठरलं. नोंद शाखेच्या साहेबांनी तिला चहा दिला, खुर्ची दिली, आणि ती बोलत असताना एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. बोलून झाल्यावर म्हणाले, "एकोणतीस वर्षांत एक चूक नाही. आणि झाली ती नेमकी याच शब्दात? बाई, कोण भेटलं तुम्हाला?"

"कोणी नाही. भिंगातून पाहिलं."

"कुणाच्या दुकानात?"

साहेब हसले. तिचा संशयी स्वभाव आता उसळून आला. "मी एक विचारते. साखळी बांधून उपटतो म्हणणारा गॅरेजवाला मोकळा फिरतोय. त्याचंही लिहून दिलं होतं मी. तो तुमचा माणूस आहे का?"

"छे हो! तो कोणाचाच नाही." साहेबांनी कप खाली ठेवला. "हात उचलणाऱ्याची भीती नसते, बाई. आमच्याकडे हात जास्त आहेत. पण रोज येऊन नुसतं बसणारा, आणि समोरच्याचं म्हणणं नीट ऐकून घेणारा... त्याचं काय करायचं ते कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. तुमच्या एका शब्दानं तो नियमात बसला." मग अगदी मायेनं म्हणाले, "सोमवारी सुनावणी आहे. तुम्हाला फक्त सही ओळखायची आहे. होय म्हणा, घरी जा."

सुनावणी कार्यालयाच्या मोठ्या दालनात झाली. खुर्च्या भरलेल्या, कोण कशाला आलंय याचा अंदाज घेत प्रत्येकजण दुसऱ्याच्या पाठीमागे बसायला बघत होता. चष्मेवाला बाजूच्या बाकावर होता. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, काचेची वस्तू म्हणून काढून घेतलेला. तो डोळे बारीक करून दालनात बायको कुठे बसली आहे ते शोधत होता, आणि ती त्याच्या समोरच दुसऱ्या रांगेत बसलेली होती.

सुनावणी अधिकाऱ्यानं नक्कल पुढे केली. "ही सही तुमची?"

"माझी."

"नक्कल शब्दशः खरी आहे?"

पेन्सिलबाईला भीती वाटली. होय म्हणायला एक शब्द, घरी जायला दहा मिनिटं. तिला निवृत्तीला राहिलेली दोन वर्षं आठवली, टेबल आठवलं, ती आपली खुर्ची. आणि त्या बाकावरच्या माणसाचा तिला रागही आला, खरंच आला. नंबर वाढलाय हे त्यानं खरं सांगितलं होतं म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "अकराव्या पानावर एक काना जास्त आहे."

दालनात खुर्च्या करकरल्या. नोंद शाखेचे साहेब ताडकन उठले. अधिकारी म्हणाला, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"चूक शिकवावी लागत नाही, साहेब. माझी मला आली." तिनं वही उघडून त्याच्यापुढे धरली. "हे बघा, कमान ओळीवर टेकलेली आहे. टेकलेली म्हणजे मरू. वर असती तर मारू."

अधिकाऱ्यानं पान डोळ्यांजवळ नेलं, फिरवलं, उलटं केलं. "मला यात काहीच दिसत नाही."

"म्हणून तर मला बोलावलंत."

मागून कोणीतरी हसलं. कितीतरी महिन्यांत त्या इमारतीत माणूस मोकळेपणानं हसलेला नव्हता, त्यामुळे सगळे दचकले. अधिकाऱ्याचा चेहरा लाल झाला. आता त्यानं नेमका वर्मावर घाव घातला. "ठीक आहे. ही चूक म्हणता. मग एकोणतीस वर्षांच्या तुमच्या सगळ्या नकलांवर संशय घ्यायचा का आम्ही?"

कपाटंच्या कपाटं तिच्या डोळ्यांपुढून गेली. तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच हो. मूलबाळ नव्हतं, मैत्रिणी नव्हत्या, होती ती ही एक सही.

"घ्या," ती म्हणाली. "घ्यायलाच हवा. मी जन्मभर सगळ्यांवर घेतला. माझ्यावर तेवढा घ्यायचा राहिला."

त्याच दिवशी तिला कामावरून दूर केलं. वही पुरावा म्हणून जमा झाली आणि पंधरा दिवसांत गहाळ झाली. कुठे, कशी, कोणी विचारू नये. चिथावणीचा आरोप टिकवता येईना, तरी 'चौकशी चालू आहे' म्हणून चष्मेवाल्याला चार महिने आत ठेवलंच. भिंतीवरचा कागद कोणी काढला नाही. दारावर कान मात्र पुन्हा कोणी काढला नाही, आणि साखरवाली एकदा येऊन गेली. पेन्सिलबाईनं तिला साखर दिली आणि ती घरात काय बघते आहे ते पाहत राहिली. स्वभावाला औषध नाही.

चष्मेवाला सुटला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी आला. नवऱ्यानं त्याला बसवलं. पेन्सिलबाई नवा चष्मा लावून भाजी निवडत होती, तशीच उठली. माफी मागायची म्हणून चार महिने तिनं मनात वाक्यं जुळवली होती. त्याला पाहिल्यावर एकही आठवेना. तो निम्मा झाला होता.

"बाई, मी एक विचारायला आलोय," तो म्हणाला. "रागावू नका. ते चिन्ह तुम्ही नक्की पाहिलंत ना? ओळीवर होतं ना?"

"असं का विचारता?"

तो खाली बघत म्हणाला, "आत तो कागद रोज माझ्यापुढे ठेवायचे. म्हणालास ना? कबूल कर, म्हणालास ना? पहिल्या महिन्यात मी नाही म्हणायचो. दुसऱ्या महिन्यात आठवून बघायला लागलो. त्या दिवशी मलाही राग आला होता हो, त्या कुंपणाचा. आवाज चढला होता माझा. तिसऱ्या महिन्यात मला माझ्याच आवाजात मारू ऐकू यायला लागलं. आता मला खरंच माहीत नाही. मी तसं म्हणालो असेन, तर वीस वर्षं दर गुरुवारी मी करत काय होतो?"

पेन्सिलबाईला असा संताप आयुष्यात आला नव्हता. चोर घरात शिरतो, भांडीकुंडी नेतो, ते समजण्यासारखं. यांनी माणसाच्या तोंडातला शब्द काढून नेला होता, तिथे आपला ठेवला होता, आणि त्याला स्वतःलाच ओळखू येऊ नये इतका घासून बसवला होता. आणि घराचं दार त्यांना उघडून दिलं होतं तिनं.

तिनं नवऱ्याच्या हिशेबाच्या कागदाची मागची बाजू ओढली, एक ओळ आखली, ओळीवर कमान टेकवली, रेघ ओढली, आणि कागद त्याच्या हातात दिला. "अशी होती."

"मला हे वाचता येत नाही, बाई."

"मला येतं! मरू म्हणालात तुम्ही. काना माझा होता, तुमचा नाही. नव्हताच तुमच्या तोंडात!"

ती ओरडली होती. समोरच्या चाळीत दोन खिडक्या उघडल्या, मग तिसरी. नवरा घाईघाईनं उठून आपली खिडकी लावायला गेला.

"अहो, असू द्या ती उघडी," ती म्हणाली. "ऐकू द्या सगळ्यांना." आणि तिनं तेच पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून. चष्मेवाला कागद दोन्ही हातांत धरून रडत होता. समोरच्या खिडक्यांतली माणसं आत गेली नाहीत.